उचल दोन प्रकारची : ऊसदराच्या बैठकीत मजुराची बाजू कोण मांडणार?

गळीत हंगाम जवळ आला की सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठावर आधी बैठकांचा हंगाम सुरू होतो. कराड, कोरेगाव, वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत गावोगावी देवळासमोरच्या पारावर, विकास सोसायटीच्या ओसरीवर शेतकरी जमतात. पहिली उचल किती मागायची, मागच्या हंगामातला फरक कुणी दिला आणि कुणी बुडवला, काटामारी कशी रोखायची, साखर उतारा कमी का दाखवला जातो, यावर तावातावाने बोलणे होते. मग कुणी हुमणीचा विषय काढतो, कुणी तांबेऱ्याचा. खोडवा ठेवायचा की मोडायचा, आडसाली लागण कधी करायची, ठिबकचे अनुदान कधी येणार, हेही निघते. पुढे जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, तिथे दराची मागणी जाहीर होते आणि या दोन जिल्ह्यांतली गावे तिकडे कान लावून बसतात.

या बैठका चांगल्या आहेत. शेतकऱ्याने आपल्या मालाचा हिशेब मागणे ही लोकशाहीचीच गोष्ट आहे. पण अशा काही बैठकांना जाऊन बसल्यावर आमच्या मनात दरवेळी एकच प्रश्न येतो. त्याच गावातल्या बौद्ध वस्तीतून, मातंग वस्तीतून, रामोशी आणि वडार समाजाच्या घरांतून रोज सकाळी ज्या शेतांत माणसे कामाला जातात, त्या शेतांच्या मालाचा भाव इथे ठरतोय. मग ती माणसे या बैठकीत का नाहीत? त्यांना कुणी हाकलत नाही, हे खरे. पण त्यांना कुणी बोलावतही नाही, आणि तिथे त्यांच्या कामाचा एकही विषय नसतो.

२०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे १ कोटी २५ लाख शेतकरी मोजले आणि शेतमजूर मोजले सुमारे १ कोटी ३५ लाख. म्हणजे शेतीवर जगणाऱ्यांत स्वतःची शेती कसणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या शेतात राबणारे जास्त आहेत. तरीही शेतीचा प्रश्न म्हटला की भाव आठवतो, मजुरी आठवत नाही. भावाच्या लढ्याला आमचा विरोध नाही. तो लढा अपुरा आहे आणि अपुरा राहिला तर शेतकऱ्यालाही पुरा न्याय मिळणार नाही, एवढेच आम्हाला मांडायचे आहे.

भावाची लढाई काय आहे?

आपल्यातल्या ज्यांची ऊसशेती नाही त्यांनीही ही गोष्ट नीट समजून घ्यावी. केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. कृष्णाकाठचा ऊस गोड, उतारा चांगला, म्हणून इथला हिशेब राज्याच्या इतर भागांपेक्षा वरचा निघतो. समजा उतारा १२ टक्के असेल, तर एफआरपी टनाला सुमारे ४,१५५ रुपये होते. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो ९०० रुपये धरला, तर शेतकऱ्याच्या हातात सव्वातीन हजाराच्या आसपास पडतात. म्हणूनच उतारा किती आणि तोडणी-वाहतूक किती लावली, यावर बैठकीत एवढी खडाजंगी होते.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने ही एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली होती. त्याविरुद्ध राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शिवाय राज्याचा २०१३ चा ऊसदर कायदा आहे. साखर आणि तिच्यासोबतच्या प्रमुख उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याला मिळावा, हे त्यातले सूत्र. मळी, बगॅस, इथेनॉल, वीज यांतून कारखान्याला काय मिळते, हे शेतकरी विचारतो तो याच आधारावर.

कागदावरचा हक्क संघटनेच्या बळाशिवाय पदरात पडत नाही, हे या सगळ्यातून दिसते. शरद जोशींनी १९८० मध्ये कांदा आणि उसाच्या आंदोलनातून भावाचा प्रश्न राज्याच्या केंद्रस्थानी आणला. त्या परंपरेतूनच आजच्या ऊस परिषदा आल्या. या लढ्याने कारखानदाराला हिशेब द्यायला भाग पाडले, हे मान्य करायलाच हवे.

शंभर रुपये वाढले तर कुणाला किती?

आता एक साधा हिशेब करून पाहू. समजा आंदोलन झाले आणि टनाला १०० रुपये वाढवून मिळाले. एकरी ४० टन उत्पादन धरू. दहा एकर ऊस असलेल्याला ४० हजार रुपये जादा मिळाले. वीस गुंठेवाल्याला २ हजार मिळाले. ज्याच्या नावावर जमीनच नाही, पण ज्याने त्या उसाची लागण केली, बांधणी केली, भर दिली, पाला काढला, त्याला काही मिळाले नाही.

दहा एकरवाल्यावर आमचा राग नाही. त्याचा खर्चही मोठा आहे, कर्जही मोठे आहे. पण भाव ही अशी गोष्ट आहे की ती जमिनीच्या मापाने वाटली जाते. जमीन ज्या प्रमाणात विषम, त्या प्रमाणात भाववाढीचा लाभही विषम. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर निघाले, तर अनुसूचित जातींचे ०.७८ हेक्टर. ही सरासरी फक्त जमीन कसणाऱ्यांची आहे. ज्यांना जमीनच नाही ते तिच्यात येतच नाहीत.

उसाला आणखी एक अट आहे, थांबण्याची. आडसाली ऊस पंधरा ते अठरा महिने शेतात उभा असतो. तेवढे दिवस घर चालवायला दुसरी मिळकत लागते, नाहीतर सोसायटीचे कर्ज लागते. सोसायटीचे कर्ज सातबारावर मिळते. म्हणून वस्तीतल्या छोट्या शेतकऱ्याला बरेचदा सोयाबीन, भुईमूग, घेवडा अशी चार महिन्यांत पैसे देणारी पिके घ्यावी लागतात. सोयाबीनला २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला आहे. पण हमीभावाने विकायचे तर खरेदी केंद्रावर नोंदणी हवी, सातबारा हवा, त्यावर पिकाची नोंद हवी, माल वाळवून न्यायला हवा. ज्याला आठवड्याच्या बाजाराला पैसे हवेत, तो काढणीनंतर लगेच गावातल्या व्यापाऱ्याला माल घालतो. हमीभाव जाहीर होणे आणि तो घरात येणे यांत एवढे अंतर आहे.

उचल : एका शब्दाचे दोन अर्थ

ऊसपट्ट्यात उचल हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. शेतकरी पहिली उचल मागतो, तेव्हा तो घातलेल्या मालाचे पैसे मागतो. तो त्याचा हक्क असतो. ऊसतोड मजूर उचल घेतो, तेव्हा तो अजून न केलेल्या कामाचे पैसे मुकादमाकडून घेतो. ते त्याच्यावर कर्ज असते. शेतकऱ्याची उचल उशिरा आली तर कायदा त्याला १५ टक्के व्याज देतो. मजुराची उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते आणि त्याला पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत यावे लागते. एकाच उसाच्या दोन टोकांना उभे असलेले हे दोघे एकच शब्द वापरतात, पण एक तो ताठ मानेने उच्चारतो आणि दुसरा मान खाली घालून.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून हे कुटुंबकबिले कृष्णाकाठी येतात. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग आहेत, आपले बौद्ध बांधवही आहेत. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई पहाटे तीनला उठते, पाचटाच्या खोपीत भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि रात्री गाडी भरायलाही जाते. हिशेबात मात्र ती अर्धा कोयता असते आणि पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. खाडे पडले तर दंड बसतो आणि पाळीच्या दिवसांतही विसावा नसतो. या बायकांच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

तोडणीच्या दरात जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ मिळाली. तीही कोयता बंद आंदोलन झाल्यावरच. पण ही बोलणी कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यात होतात, आणि शेतकऱ्याच्या बैठकीत त्याच तोडणी खर्चाकडे फक्त वजाबाकी म्हणून पाहिले जाते. तोडणीचा दर वाढला की शेतकऱ्याला वाटते, आपल्या खिशातून गेले. टोळीने शेतकऱ्याकडून खुशाली मागितली की भांडण होते. शेतकरी टोळीवर चिडतो, टोळी शेतकऱ्यावर चिडते. तोडणी कार्यक्रम ज्याने वेळेत आखला नाही आणि ज्याने वाहतुकीचा खर्च लांबच्या उसासह सगळ्यांवर सरसकट लावला, त्या कारखान्याला कुणी विचारत नाही. आता यंत्राने तोडणी वाढते आहे. यंत्र आले तर मजुराचे काय, हा प्रश्न कुठल्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्ही पाहिलेला नाही.

सातबारा नसलेला शेतकरी

सातारा-सांगलीत वाट्याने, अर्धेलीने, खंडाने शेती करणारे बरेच आहेत. मालक पुण्या-मुंबईला असतो, शेती गावातला माणूस पिकवतो. पण हा व्यवहार कागदावर येत नाही. कारण कूळकायदा. १९४८ च्या कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले, ही मोठी गोष्ट झाली. पण तेव्हापासून कुठलाही मालक वाटेकऱ्याचे नाव कागदावर येऊ देत नाही. उसाची नोंद मालकाच्या नावावर, बिल मालकाच्या खात्यावर, कारखान्याचा सभासद मालक, मतदानाचा हक्कही मालकाला. पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे ६ हजार हेही जमीनधारकालाच. महापूर आला तर नुकसानभरपाईही सातबारावर. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या शेतांत शिरले, पिके कुजली. वाटेकऱ्याची मेहनत गेली, मजुराचे महिना-दीड महिन्याचे काम गेले. त्याचा पंचनामा होत नाही.

आपल्या समाजाच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे, वतनाच्या जमिनीचा. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतन म्हणजे तुकडाभर जमिनीच्या बदल्यात पिढ्यान् पिढ्यांची गुलामी, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. शेवटी कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. जमिनी पुन्हा देण्यात आल्या, पण नवीन शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत, वर्ग दोनचा शेरा असतो. ही अट जमीन हातची जाऊ नये म्हणून होती, हे खरे. पण तोच शेरा पाहून बँक कर्ज द्यायला कां-कूं करते, आणि तीन-चार पिढ्यांत वारसांची नावे एवढी वाढलेली असतात की एकाच्या वाट्याला पाच-सात गुंठेही येत नाहीत. अशा जमिनी बरेचदा गावातल्याच कुणाकडे खंडाने पडून असतात. कागदावर आपण मालक आणि प्रत्यक्षात आपल्याच शेतात मजूर, अशी ही गत आहे.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर लिहिताना सांगितले होते की तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही. शेतीवर जे जादा हात पडले आहेत त्यांना उद्योगात काम मिळाले पाहिजे आणि शेतीत भांडवल आले पाहिजे. शंभर वर्षांनंतरही पाच गुंठ्यांच्या सातबाऱ्यासमोर उभे राहिले की ते पटते.

पाणी कुणाचे?

कृष्णाकाठ हिरवा आहे, पण याच दोन जिल्ह्यांत माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर हे दुष्काळी तालुकेही आहेत. तिथे भावाच्या आधी पाण्याचा प्रश्न येतो. आणि पाण्याच्या प्रश्नावर या मातीने देशाला दाखवण्यासारखे काम केले आहे.

१९८२-८३ मध्ये मुंबईतल्या गिरणी संपामुळे खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले होते. गावी दुष्काळ होता. त्यांच्यातूनच डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी त्याला विरोध केला आणि त्याच वाळूच्या थोड्या विक्रीतून पैसा उभा करून, स्वतः श्रमदान करून, तांदुळवाडी-बलवडी परिसरात बळीराजा स्मृती धरण बांधले. धरण लहान आहे, पण त्यामागचे तत्त्व मोठे होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे, तर कुटुंबामागे सारखा. भूमिहीन कुटुंबालाही वाटा. आणि पाणी पिऊन टाकणाऱ्या उसाला या पाण्यावर मज्जाव.

पुढे १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, पाटणकर असे लोक एकत्र आले आणि कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाला समान मिळावे, ही मागणी लावून धरली. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आज ज्या शेतांत दिसते, त्यामागे दर वर्षी हजारोंनी जमलेल्या शेतकरी बाया-माणसांचा रेटा आहे. या परिषदांनीही भूमिहीनाच्या पाण्याच्या हक्काचा विषय सोडला नाही.

ही शेतकऱ्यांचीच चळवळ होती. मराठा, धनगर, माळी, दलित सगळे तिच्यात होते. शेतकऱ्याच्या बैठकीत भूमिहीनाचा विषय घेतला तर फूट पडते, असे जे सांगितले जाते, ते या दोन जिल्ह्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच खोटे ठरवले आहे. पण पुढे काय झाले? जिथे उपसा योजनेचे पाणी पोचले, तिथे बहुतेक ठिकाणी ऊस पोचला आणि समान वाटपाचे बोलणे मागे पडले. पाणी पुन्हा जमिनीच्या मापाने वाहू लागले.

मजुरीला तळ असला तर

रोजगार हमी योजनेचे मूळ सांगली जिल्ह्यातच आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात हा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा कायदा आला. त्याच्याही आधीची एक आठवण आपल्या समाजाला ठाऊक आहे. १९०१ च्या सुमारास बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमाला मसूर स्टेशनवर गाडीवानांनी जात कळल्यावर गाडीत घेतले नाही. तो प्रवास दुष्काळी कामाच्या वाटेवरचाच होता.

हमीचे काम मिळते तेव्हा मजुराला शेतमालकाशी बोलताना थोडे बळ येते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. कामे नीट चालली तर गावातली मजुरी त्याखाली जात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत. पण पेरणी-काढणीच्या घाईच्या दिवसांत वर्षातून ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे, आणि खर्चाचा ४० टक्के भार राज्यांवर टाकला आहे. हंगामात मजूर मिळत नाही, ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. तिला उत्तर म्हणून मजुराचा दुसरा पर्याय बंद करायचा, हा मार्ग आम्हाला मान्य नाही. मजुराला मागण्याची ताकद असते तेव्हाच त्याला हंगामात चार पैसे मिळतात. तेच दिवस निवडून हमी काढून घ्यायची असेल, तर ती हमी कसली?

शेतकरी म्हणेल, मजुरी वाढली तर मला परवडत नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण याचे उत्तर भावाच्या हिशेबातच आहे. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर ५० टक्के नफा धरून हमीभाव द्यावा असे सांगितले. त्या खर्चात मजुरी हा मोठा भाग असतो. मजुरी कमी धरली की उत्पादन खर्च कमी निघतो आणि मग भावही कमी ठरतो. म्हणजे शेतमजुराची पडेल मजुरी शेतकऱ्याचाच भाव खाली ओढते. घरच्या बाईच्या कामाचे मोल तर आणखी कमी धरले जाते. शेतकऱ्याने मजुरीच्या बाजूने उभे राहणे हा परोपकार नाही, त्यात त्याचाच फायदा आहे.

एकत्र आल्याचा इतिहास

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्या मोर्चात कोकणातली कुणबी कुळे आणि महार कुळे एका रांगेत चालली. स्वतंत्र मजूर पक्षाने कूळ, शेतमजूर आणि गिरणी कामगार यांना एका झेंड्याखाली आणले. नंतर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्यांची मागणी पडीक जमिनीची होती आणि ती सर्व जातींच्या भूमिहीनांसाठी होती. महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यातले. शेतकऱ्याची लूट कोण आणि कशी करते, हे त्यांनी लिहिले, तेव्हा शूद्र शेतकरी आणि अतिशूद्र मजूर यांना त्यांनी वेगळे काढले नाही.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तातही हाच विचार आहे. राज्यात चोऱ्या वाढल्या तेव्हा राजाला पुरोहित सांगतो की दंडाने हे थांबणार नाही. शेती करणाऱ्यांना बी आणि चारा द्या, व्यापाऱ्यांना भांडवल द्या, सेवेत असणाऱ्यांना अन्न आणि वेतन द्या. बियाणे, भांडवल आणि वेतन यांतले एक देऊन दुसरे विसरायला तो सांगत नाही.

पुढच्या बैठकीसाठी

म्हणून आमचे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे.

बैठका घेणाऱ्या शेतकरी कार्यकर्त्यांना आम्ही विनंती करतो की विषयपत्रिकेत चार गोष्टी घाला. पहिली, तोडणी-वाहतुकीचा हिशेब मागताना त्यातले किती मजुराच्या हातात पडले, किती मुकादम आणि वाहतूकदाराकडे गेले, हे वेगवेगळे मागा. दुसरी, वाटेकऱ्याची नोंद. मालकाचा हक्क न जाता कसणाऱ्याला विमा, कर्ज आणि भरपाई मिळेल अशी लेखी पद्धत मागा. तिसरी, पाणीवापर संस्थेत भूमिहीनालाही वाटा. चौथी, औषधाची मात्रा सांगताना फवारणी कोण करणार आहे तेही विचारा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दोघेही दगावले. द्राक्षबागेत आणि सोयाबीनमध्ये पाठीवर पंप घेऊन मजूरच जातो. हातमोजे, मास्क, चष्मा हा औषधाच्या खर्चातच धरला पाहिजे.

आणि आपल्या वस्तीला आमचे सांगणे आहे की ही बैठक आपली नाही असे म्हणून घरी बसू नका. ज्यांच्या नावावर पाच गुंठे का होईना जमीन आहे, त्यांनी वारसनोंद करून घ्या आणि हंगामात मोबाईलवर ई-पीक पाहणी नोंदवा. ती नसेल तर हमीभावाची खरेदी, विमा, भरपाई सगळे अडते. वतनाची जमीन खंडाने दिली असेल तर खंड किती, मुदत किती, हे कागदावर घ्या. ऊस घालत असाल तर वजनाची पावती जपून ठेवा, १४ दिवसांची तारीख लिहून ठेवा. विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास या कागदांसाठी ठेवता येईल. शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या आजी-आजोबांचे सातबारे वाचून दाखवावेत.

बैठकीची वेळ आणि जागा हीसुद्धा साधी गोष्ट नाही. सकाळी दहाला बैठक ठेवली तर मजुराचा रोज बुडतो. रात्री देवळासमोर ठेवली तर आपल्या वस्तीतल्या बाया येत नाहीत. ग्रामपंचायतीसमोर किंवा शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी सातला बैठक ठेवली आणि वस्तीत निरोप धाडला, तर माणसे येतील. ती आली की विषय आपोआप बदलेल, कारण पहिली उचल किती मागायची यावर बोलताना तिथे एखादी मोळी बांधणारी बाईही बसलेली असेल.